विमान अपघाताचे व्हिडिओ शेवट लपवून का सांगतात? प्रेक्षकांच्या तक्रारी आणि त्यांची उत्तरं

रात्रीचे अकरा वाजलेत. झोप येत नाहीये म्हणून तुम्ही मोबाइलवर एका विमान अपघाताचा व्हिडिओ लावता. कॅप्टनचा अनुभव किती, त्या दिवशी हवामान कसं होतं, इंधन किती भरलं होतं, सगळं सांगून होतं. दहा मिनिटं झाली तरी विमान हवेतच आहे. माणसं वाचली की नाही याचा पत्ता नाही. तेवढ्यात जाहिरात येते.

इथे अनेक प्रेक्षकांचा संयम सुटतो. ‘मुद्द्याचं बोला’, ‘माणसं गेली आणि तुम्ही सस्पेन्स कसला करताय’, ‘चूक पायलटची होती हे सरळ सांगायला काय जातं’ अशा तक्रारी या प्रकारच्या व्हिडिओंना नवीन नाहीत. व्हिडिओ करणाऱ्यांपैकी काही जण त्याकडे दुर्लक्ष करतात, काही चिडतात, तर काही पुढच्या व्हिडिओत बदल करतात.

पण यातली कोणती तक्रार रास्त? गोष्ट सांगण्याची पद्धत हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न आहे की त्याने अपघाताबद्दलची आपली समजच बदलते? समजून घेऊया.

हे व्हिडिओ बनतात कशावरून?

विमान अपघात गोष्टीसारखा सांगण्याचा प्रकार यूट्यूबच्या आधीपासूनचा आहे. कॅनडात २००३ मध्ये ‘मेडे’ ही मालिका सुरू झाली. भारतात ती नॅशनल जिओग्राफिकवर ‘एअर क्रॅश इन्व्हेस्टिगेशन’ या नावाने अनेकांनी पाहिली. पुढे स्वतः विमान चालवणारे लोक यूट्यूबवर आले. बोइंग ७३७ चे प्रशिक्षक कॅप्टन चालवत असलेलं ‘मेंटूर पायलट’ हे त्यातलं सर्वांत परिचित चॅनेल. अमेरिकेतल्या छोट्या विमानांच्या वैमानिकांची संघटनाही आपल्या सुरक्षा संस्थेमार्फत अपघातांवर व्हिडिओ काढते. त्यांचा उद्देश उघड आहे. दुसऱ्याच्या अपघातातून शिकून पुढचा अपघात टाळायचा.

चांगल्या व्हिडिओंचा आधार असतो तपास यंत्रणेचा अंतिम अहवाल. हे अहवाल बऱ्याचदा शेकडो पानांचे असतात आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ‘परिशिष्ट १३’ मधल्या नियमांनुसार लिहिलेले असतात. या परिशिष्टात एक गोष्ट स्पष्ट म्हटलेली आहे. तपासाचा एकमेव उद्देश पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी कुणावर टाकणं हा नाही.

अडचण इथेच सुरू होते. अहवालाला खलनायक नको असतो, पण गोष्टीला तो लागतो, निदान तशी आपल्याला सवय असते. शेकडो पानांचा अहवाल अर्ध्या तासात बसवताना काय आधी सांगायचं, काय नंतर आणि काय गाळायचं, हे कुणाला तरी ठरवावं लागतं. प्रेक्षकांची बहुतेक टीका या ठरवण्यावरच असते.

तक्रार पहिली : शेवट आधीच का सांगत नाही?

यासाठी एक जुना अपघात पाहू. ८ जानेवारी १९८९. ब्रिटिश मिडलंड कंपनीचं बोइंग ७३७-४०० विमान लंडनहून बेलफास्टला निघालं होतं. विमान वर चढत असतानाच डाव्या इंजिनातलं पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरू लागलं, आत धूर आला. वैमानिकांनी उजवं इंजिन बंद केलं. म्हणजे चालू असलेलं, चांगलं इंजिन.

एवढं वाचून तुमच्या मनात काय आलं? बहुधा, ‘इतकी साधी गोष्ट कशी कळली नाही?’

आता हीच गोष्ट कॉकपिटमधून पाहा. बिघाड कोणत्या इंजिनात आहे हे वैमानिकांना खिडकीतून दिसत नव्हतं. जुन्या ७३७ मधल्या हवेच्या व्यवस्थेच्या अनुभवावरून त्यांनी तर्क केला की धूर उजव्या इंजिनाकडून येत असावा. थरथर दाखवणारे मीटर या नव्या मॉडेलमध्ये लहान होते आणि जुन्या विमानांतल्या तशा मीटरवर फारसा भरवसा ठेवू नये, असा वैमानिकांमध्ये समज होता. नव्या पद्धतीच्या पॅनेलवर त्यांचा सिम्युलेटरचा सराव झालेला नव्हता. आणि सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे उजव्या इंजिनाची ताकद कमी करताच थरथर आणि धूर दोन्ही कमी झाले. आपला निर्णय बरोबर होता, याचा जणू पुरावाच त्यांना मिळाला.

मागे बसलेल्या काही प्रवाशांनी डाव्या बाजूला ज्वाळा पाहिल्या होत्या. उजव्या इंजिनात बिघाड झाल्याची कॅप्टनची घोषणाही त्यांनी ऐकली. पण ही तफावत कॉकपिटपर्यंत पोहोचलीच नाही. ईस्ट मिडलंड्स विमानतळाची धावपट्टी अवघ्या काही किलोमीटरवर असताना डावं इंजिनही गेलं आणि विमान केगवर्थ गावाजवळ एम-१ महामार्गाच्या भरावावर आदळलं. १२६ जणांपैकी ४७ जणांचा मृत्यू झाला.

‘डावं इंजिन बिघडलं होतं’ हे पहिल्याच मिनिटाला सांगितलं तर प्रेक्षक पुढची वीस मिनिटं न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून पाहतो. तेच मागे ठेवलं तर तो वैमानिकाच्या शेजारी बसतो, त्याच खुणा पाहतो आणि कदाचित तोच चुकीचा निर्णय घेतो. हा अपघात घडला कसा, हे त्याला तेव्हा कळतं.

याला काही शास्त्रीय आधार आहे का?

आहे. मानसशास्त्रात याला पश्चातबुद्धीचा दोष म्हणता येईल. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये यावर एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना १८१४ च्या ब्रिटिश-गुरखा संघर्षाबद्दल एक उतारा वाचायला दिला. वेगवेगळ्या गटांना शेवट वेगवेगळा सांगितला. एका गटाला ब्रिटिश जिंकल्याचं, दुसऱ्याला गुरखे जिंकल्याचं, तर आणखी गटांना कोंडी झाल्याचं. मग विचारलं की हा शेवट होण्याची शक्यता सुरुवातीला किती होती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त संभाव्य वाटला. सगळ्यांनी वाचलेली माहिती मात्र एकच होती.

विमान सुरक्षेचे अभ्यासक सिडनी डेकर हेच बोगद्याच्या उदाहरणाने सांगतात. बाहेर उभ्या माणसाला बोगद्याची दोन्ही टोकं दिसतात. आत चालणाऱ्याला फक्त पुढची दोन पावलं. चूक समजून घ्यायची तर आत जाऊन पाहावं लागतं.

म्हणजे माहिती मागे ठेवणं ही नेहमीच प्रेक्षकांची फसवणूक नसते. शिकवण्याची ती एक पद्धतही असते.

मग सस्पेन्सचा अतिरेक कधी होतो?

यासाठी एक सोपी कसोटी लावता येते. जी गोष्ट व्हिडिओने मागे ठेवली, ती त्या क्षणी वैमानिकाला माहीत होती का?

माहीत नव्हती, म्हणून प्रेक्षकालाही सांगितली नाही, तर ते योग्य. पण वैमानिकाला जे दिसत होतं, ऐकू येत होतं, तेच प्रेक्षकापासून लपवलं आणि शेवटी ‘धक्कादायक सत्य’ म्हणून बाहेर काढलं, तर तो खेळ झाला. कॉकपिटमध्ये धोक्याचा गजर वाजत होता, हवामानाचा इशारा आधीच मिळाला होता, सहवैमानिकाने शंका काढली होती, अशा गोष्टी राखून ठेवल्या की प्रेक्षक दचकतो, पण शिकत काही नाही.

मृतांचा आकडा लपवण्याचं काय? इथे दोन्ही बाजूंना तथ्य आहे. शेवट माहीत असला की निर्णयांकडे पाहण्याची नजर बदलते, हे फिशहॉफ यांच्या प्रयोगातून दिसतं. पण ज्यांच्या घरातलं माणूस त्या विमानात होतं, त्यांच्यासाठी ‘कोण वाचलं’ हे कोडं म्हणून विचारणं क्रूर आहे. मधला मार्ग असा की तारीख, विमान आणि किती जीव गेले हे सुरुवातीलाच सांगायचं आणि कारण मात्र वैमानिकांना जसं उलगडत गेलं तसंच उलगडायचं. केगवर्थमध्ये ४७ जण गेले हे आधी कळल्याने कोणतं इंजिन बिघडलं ते कळत नाही. आणि अहमदाबादसारखा सगळ्यांना ठाऊक असलेला अपघात असेल तर शेवट लपवण्यात काहीच अर्थ नसतो.

लांबण लावण्याच्या तक्रारीमागे आर्थिक कारणही आहे. २०२० पासून यूट्यूबवर आठ मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओच्या मध्ये जाहिराती लावता येतात. आधी ही मर्यादा दहा मिनिटांची होती. त्यामुळे पाल्हाळ दिसलं की प्रेक्षकाला पैशांचा संशय येतो. अशा वेळी ‘तुम्हाला विषयाची खोली कळत नाही’ हे उत्तर चालत नाही.

तक्रार दुसरी : वैमानिकाला नायक तरी करता, नाहीतर खलनायक

ही तक्रार महाराष्ट्राला जवळची आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान कोळिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळलं. १९० पैकी २१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन दीपक साठे मूळचे नागपूरचे, हवाई दलातून निवृत्त झालेले अनुभवी वैमानिक.

दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर एक गोष्ट फिरू लागली. विमानाची चाकं बाहेर येत नव्हती, इंधन संपवण्यासाठी कॅप्टननी विमानतळाभोवती तीन घिरट्या घातल्या आणि आग लागू नये म्हणून शेवटच्या क्षणी इंजिन बंद केलं, अशी ती गोष्ट होती. शोकात बुडालेल्या लोकांना ती पटली.

पण सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या अंतिम अहवालातलं चित्र वेगळं होतं. पाऊस होता, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालला नाही आणि पहिला प्रयत्न सोडून द्यावा लागला. दुसऱ्यांदा उलट्या दिशेने, मागून वारा असताना विमान उतरवलं गेलं. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ते सुमारे ४,४३८ फूट पुढे टेकलं. ‘गो अराउंड’, म्हणजे पुन्हा वर चला, असं सहवैमानिकाने सांगूनही उतरणं चालू राहिलं. ठरलेली कार्यपद्धती न पाळणं हे संभाव्य कारण म्हणून नोंदवलं गेलं.

मग नायकाचा एका रात्रीत खलनायक झाला का? काही व्हिडिओंनी तसंच केलं. अहवाल मात्र तिथे थांबत नाही. व्यवस्थेतल्या त्रुटींचाही अपघाताला हातभार लागला, असं तो म्हणतो. कंपनीच्या कोळिकोड तळावर फर्स्ट ऑफिसर २६ होते आणि कॅप्टन एकच, हेही त्यात आहे. दुसऱ्या दिवशीचं उड्डाण याच कॅप्टननी करायचं होतं आणि परत कोळिकोडलाच उतरण्यामागे हा दबाव असू शकतो, याकडे अहवाल लक्ष वेधतो.

‘हुतात्मा’ आणि ‘बेजबाबदार’ या दोन्ही गोष्टींत ही ओळ बसत नाही, म्हणून ती गळते. पण पुढचा अपघात टाळायचा असेल तर सर्वांत उपयोगाची ओळ तीच आहे. त्यामुळे ‘पायलटला वाचवताय’ किंवा ‘पायलटला बदनाम करताय’ अशी टीका झाली तर व्हिडिओ करणाऱ्याने आधी स्वतःला विचारायला हवं की अहवालातला कंपनी, प्रशिक्षण आणि नियामक यांच्याबद्दलचा भाग आपण किती मिनिटं दाखवला?

खलनायक तपास अधिकाऱ्यांनाही केलं जातं

१५ जानेवारी २००९ रोजी पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेलेलं एअरबस विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवण्यात आलं. सर्व १५५ जण वाचले. त्यावर २०१६ मध्ये क्लिंट ईस्टवूड यांचा ‘सली’ हा चित्रपट आला. सगळे वाचलेत हे आधीच ठाऊक असल्याने संघर्षासाठी कुणीतरी लागणार होतं. चित्रपटात ती जागा तपास अधिकाऱ्यांना मिळाली. ते कॅप्टन सलेनबर्गर यांना अडकवायला निघाल्यासारखे दिसतात.

प्रत्यक्ष तपासातले माजी अधिकारी यावर नाराज झाले. स्वतः सलेनबर्गर यांनी पटकथा वाचून खऱ्या अधिकाऱ्यांची नावं काढायला सांगितली होती, असं त्यांची भूमिका करणाऱ्या टॉम हँक्स यांनीच सांगितलं. हा मनोरंजनाचा चित्रपट होता हे खरं. पण तपास यंत्रणा म्हणजे वैमानिकांचे वैरी, असं एकदा मनात बसलं की उद्या चूक झालेला वैमानिक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलेल का, हा प्रश्न उरतोच.

तक्रार तिसरी : कॉकपिटमधला खरा आवाज का नाही?

अनेकांना वाटतं की अभिनेत्यांच्या आवाजात संवाद म्हणजे भेसळ. खरं कारण कायद्यात आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या विमानतळावर डेल्टाचं विमान उड्डाण करतानाच कोसळलं. त्याच्या कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग टीव्हीवर वाजलं. त्यात उड्डाणाआधीच्या खासगी गप्पाही होत्या. वैमानिकांनी त्याला जोरदार विरोध केला आणि १९९० मध्ये अमेरिकी संसदेने तपास यंत्रणेला असा आवाज जाहीर करायला मनाई केली. तिथे फक्त संबंधित भागाचा लेखी उतारा प्रसिद्ध होतो. परिशिष्ट १३ मध्येही या रेकॉर्डिंगला संरक्षण आहे.

वैमानिक आणि नियंत्रण कक्षातलं रेडिओवरचं बोलणं वेगळं. ते बऱ्याच देशांत बाहेरून ऐकता येतं, म्हणून व्हिडिओत खरा आवाज असतो तो बहुधा हाच. या तक्रारीवर पद्धत बदलायची गरज नाही. ‘संवाद लेखी उताऱ्यावरून, आवाज कलाकारांचे’ अशी एक ओळ पडद्यावर टाकली की पुरतं.

तक्रार चौथी : घाई

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ड्रीमलायनर काही क्षणांतच मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण गेले. धूर विरण्याआधीच कारणमीमांसेचे व्हिडिओ आले. सुरुवातीला एक तर्क गाजला. सहवैमानिकाने चाकं वर घेण्याऐवजी चुकून पंखांचे फ्लॅप वर घेतले असावेत, हा तो तर्क.

पुढे अधिक स्पष्ट चित्रफीत समोर आली. वीज गेल्यावर आपोआप बाहेर येणारी छोटी टर्बाइन त्यात दिसली. त्यानंतर हा तर्क मांडणाऱ्या एका अमेरिकी वैमानिकाने नवा व्हिडिओ करून आपलं मत बदलल्याचं उघड सांगितलं. जुलैमधल्या प्राथमिक अहवालाने फ्लॅपचा लिव्हर उड्डाणाच्याच जागी होता हे नोंदवलं. चूक मान्य करणं चांगलंच. पण पहिला व्हिडिओ तोवर लाखोंपर्यंत गेलेला होता.

त्याच अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेल्याची नोंद होती. ‘तू का बंद केलंस?’ असं एकाने विचारलं आणि दुसऱ्याने ‘मी नाही केलं’ असं सांगितलं, एवढंच संभाषण त्यात होतं. कोण काय म्हणालं हे अहवालाने सांगितलं नव्हतं. तरी अनेक व्हिडिओंनी दोषी ठरवून टाकला. वैमानिकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. कॅप्टनच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाला कुणी दोष देऊ शकत नाही, हे ओझं तुम्ही बाळगू नका.

गोष्ट कशी सांगितली याची किंमत कुणाला मोजावी लागते, हे इथे दिसतं.

मग टीकेला उत्तर कसं द्यायचं?

सगळ्या टीकेला एकच उत्तर नसतं. ती चार ढिगांत वेगळी करावी लागते.

• वस्तुस्थितीची चूक : एअरबसची गोष्ट आणि कॉकपिट बोइंगचं, आकडा चुकला, तारीख चुकली. इथे वाद नको. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही, फक्त काही भाग कापता किंवा धूसर करता येतो. म्हणून दुरुस्ती वर्णनात आणि व्हिडिओखाली सगळ्यांत वर ठळक लिहायला हवी. वर्णनात वेळ देऊन दुरुस्ती नोंदवली की ती व्हिडिओतही सूचना म्हणून दिसावी, अशी सोय यूट्यूबने २०२२ मध्ये आणली होती. चूक अपघाताच्या कारणाबद्दलच असेल तर व्हिडिओ काढून पुन्हा करणंच योग्य.

• मांडणीवरचा आक्षेप : शेवट का लपवला, एवढा तपशील का. इथे कारण सांगायचं. ‘वैमानिकांना हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून तुम्हालाही नंतर सांगितलं’ हे वाक्य व्हिडिओतच असलं तर अर्धी तक्रार येतच नाही. कारण सांगता येत नसेल, तर तक्रार खरी आहे असं समजावं.

• आवडीनिवडी : संगीत मोठं, बोलणं सावकाश, उंची फुटांत की मीटरमध्ये. बहुमत पाहून बदलायला हरकत नाही. उंचीसाठी फूट हे वैमानिकांचं एकक आहे, शेजारी मीटर लिहिले की दोघांचं भागतं.

• दुखावलेल्यांची तक्रार : मृतांच्या नातेवाइकांनी एखादं चित्र, शीर्षक किंवा दृश्य काढायला सांगितलं, तर ते काढल्याने शिकवण्यात काही कमी पडतं का, एवढंच पाहायचं. आगीत सापडलेल्या विमानाचं चित्र आणि ‘जीवघेणी चूक’ अशी अक्षरं काढली तर बहुतेकदा काहीच कमी होत नाही, फक्त क्लिक कमी होतात.

प्रेक्षक म्हणून काय पाहायचं?

व्हिडिओ कोणत्या अहवालावर आधारलेला आहे हे सांगितलंय का? तो अहवाल प्राथमिक आहे की अंतिम? ‘असं झालं’ आणि ‘असं झालं असावं’ यातला फरक बोलण्यात कळतो का? चूक कुणाची हे सांगून व्हिडिओ संपतो, की अपघातानंतर काय बदललं तेही सांगतो?

केगवर्थच्या अहवालात वैमानिकांच्या चुकीबरोबरच अनेक शिफारशी होत्या. इंजिनाचे मीटर कसे असावेत, नव्या पॅनेलवर प्रशिक्षण कसं द्यावं, कॉकपिट आणि केबिन यांच्यात बोलणं कसं व्हावं, अपघातात आसनं किती टिकावीत, याबद्दल त्या होत्या. पुढच्या वेळी असा व्हिडिओ पाहाल तेव्हा शेवटची पाच मिनिटं सोडू नका. अपघातातून काय शिकलं गेलं हे बहुतेक वेळा तिथेच असतं. आणि ते तिथेही नसेल, तर तक्रार जरूर करा.